डांबर कोणी सोडायचं

मागून हॉर्न वाजला की आजही माझं डोकं फिरतं. नवरा गाडी चालवत असतो, मी शेजारी बसलेली असते, हॉर्न आमच्यासाठी नसतोसुद्धा. तरी हात सीट घट्ट धरतो आणि तोंडातून निघून जातं, "थांब ना मेल्या, उडून जाऊ काय?" मुलं हसतात. हसू देत. त्यांना तो रस्ता ठाऊक नाही.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडच्या अंगाला, सायकलनं पाऊण तासावर. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी शहापुरात अकरावीला होते आणि रस्ता एका गाडीपुरताच डांबरी होता, दोन्ही बाजूंना मातीची पट्टी. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर दोन्ही गाड्यांनी एकेक चाक मातीत घालायचं. गाडी आणि सायकल आली तर सायकलीनं डांबर सोडायचं. असं कुठल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं, पण दूधवाल्यापासून शाळेच्या गुरुजींपर्यंत सगळे पाळायचे. मागून हॉर्न आला की मुकाट खाली.

आणि हॉर्न वाजवणाऱ्यांत माझे बाबा होते. त्यांची जीप शहापूर ते आसनगाव स्टेशन दिवसभर फेऱ्या मारायची. कधी सीटं भरली तर मुरबाडकडेही यायची. संध्याकाळी जेवताना ते दिवसभराच्या गमती सांगत. त्यांना नकला फार छान यायच्या. "आज एकाला असा उतरवला, थेट करवंदीच्या जाळीत! वर आला तर टोपी जाळीत आणि डबा हातात. मला म्हनतो, दिसत नाय काय? म्हटलं, दिसतं म्हणूनच तर उतरवला!" आई तोंडाला पदर लावायची. मी तर पोट धरून हसायची. लहानपणापासून सायकलवाले म्हणजे आमच्या घरात गंमतच.

मग माझ्या बुडाखाली सायकल आली आणि गंमत कळली.

पहिल्याच पावसाळ्यानंतर डांबराच्या कडा खचल्या. काही ठिकाणी डांबर वर आणि माती वीतभर खाली. गाडी मागून येतेय, हॉर्नवर हॉर्न, आणि आपण ती वीतभर उडी चालत्या सायकलनं मारायची. दिवाळीच्या आधी एकदा मी ती मारली आणि तोंडावर आपटले. गुडघा फुटला, फिजिक्सची जर्नल गटारात भिजली. जीप थांबलीसुद्धा नाही. आतून कोणीतरी "आयो!" म्हणालं तेवढंच.

बाबांनी गुडघा बघितला आणि एवढंच म्हणाले, "चालवता येत नाय तर कशाला चालवतेस? पुन्हा पडलीस तर सायकल विकली. कॉलेज बंद, घरी बसायचं." ते गंमत करत नव्हते. आमच्या आळीत दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच मुलगी. बाबांना रोज कोणीतरी विचारायचंच, किती शिकवणार? कॉलेजच्या वेळेला बस नव्हती. जीपनं जावं, तर तेच नको म्हणायचे. जीपमध्ये मुलींना कसं कोंबतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार!

म्हणजे माझ्यापुढे सरळ हिशोब होता. डांबर सोडलं तर कधी ना कधी पडणार. पडले की शिक्षण संपलं. मग डांबर सोडायचंच नाही.

कुंपणातली निरगुडीची काठी तोडली, आईच्या जुन्या परकराचा लाल फडका टोकाला बांधला आणि काठी कॅरिअरला आडवी आवळली. हातभर उजवीकडे बाहेर. मला खेटून जायचं असेल तर काठी घासणार, रंग जाणार. नाहीतर थांबा, नाहीतर तुमचं चाक घाला मातीत! गावात ती काठी कुणाला दिसू नये म्हणून मी ती गावाबाहेरच्या मोरीखाली ठेवायची. जाताना बांधायची, येताना सोडून परत आत.

पहिल्या दिवसापासूनच सुरू झालं. मागे जीप यायची, हॉर्न, शिव्या, "ए बाय, मरायचंय काय?" मी मान वळवायची नाही. पायडल मारायची, घाम कानामागून खाली. मग गिअर पडल्याचा आवाज यायचा, इंजिन कण्हायचं आणि जीप एक चाक मातीत घालून पुढे जायची. काय सांगू, असं वाटायचं की उठून नाचावं! पण चैन कसली ती नव्हतीच. पाऊण तास कान मागे लागलेले. वर्गात बसले तरी पाठीवर हॉर्न वाजतोय असं वाटायचं.

महिन्याभरात एकदोघांनी खेटून बघितलं आणि रंग घालवून घेतला. मग ती बातमी जीपच्या स्टँडवर गेली आणि तिथून आमच्या ताटापर्यंत आली.

"कोण एक कार्टी निघालीय," बाबा म्हणाले. "काठी बांधून फिरते. रस्ता अडवते. परवा एकाच्या नव्या रंगाला दरवाज्यापासून मागपर्यंत रेघ मारली." मग त्यांनी तिची नक्कल केली. पाठ ताठ, नाक वर, पायडल मारतेय महाराणी. हुबेहूब. इतकी हुबेहूब, की मला वाटलं यांना कळलंय. पण नाही, ते ऐकीव गोष्टीवरूनच करत होते. त्यांना संशय येऊ नये म्हणून मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. आई हसली नाही. ती तव्यावरची भाकरी उलटत होती, आणि तिनं फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. कुंपणाला पडलेलं भगदाड आणि गाठोड्यातून गेलेला परकर तिच्या नजरेतून सुटणार होता होय!

"माझ्या समोर येऊ दे एकदा," बाबा हात धुताना म्हणाले. "जिरवतो."

माघात एका दिवशी कॉलेज तासभर आधी सुटलं. ऊन चढलेलं, म्हणून मी ओढणी डोक्याला आणि तोंडाला गुंडाळली. अर्धा रस्ता झाला असेल. मागून जीप आली. हॉर्न तीनदा, तोडून तोडून. तो हॉर्न मी रोज सकाळी अंथरुणातून ऐकायची. अख्ख्या तालुक्यात असा एकच माणूस वाजवायचा.

खाली उतरावं? मागे जीप, डावीकडे तीच खचलेली कड, खाली रस्त्याच्या कामाची खडी टाकलेली. उतरले तर पडणार, आणि पडलेली बघायला तेच मागे. मागे वळून तोंड दाखवावं? तर काठी दिसतेच आहे. खरं सांगू? भीती होती तेवढाच रागही होता. म्हटलं, रोज परक्यांनी उतरवायचं ते उतरवायचं, आणि आज तुम्हीही? मी हँडल घट्ट धरलं आणि सरळ गेले.

हॉर्न थांबला. इंजिन गुरगुरलं. मग जीपचा दरवाजा माझ्या कोपराशी आला, काठी पत्र्यावर खरखरली, कड्कन मोडली आणि मी सायकलीसकट खडीवर.

जीप पुढे गेली. मागे फळीवर लटकलेले दोघे ओरडले, टपावर थापा मारल्या, तेव्हा कुठे थांबली. बाबा उतरले आणि तिथूनच बोलत आले. काय काय बोलले ते मी इथे सांगणार नाही. जवळ आले तेव्हा माझी ओढणी सुटली होती.

ते बोलायचे थांबले. मग खाली बसून त्यांनी माझ्या तळहातातले खडे एकेक करून काढले. सायकल टपावर चढवली, मला पुढे बसवलं. एका म्हातारीनं विचारलं, "कोनाची पोर रं?" बाबांनी सांगितलं, "माझीच."

रात्री जेवताना आईच म्हणाली, "काठी माझ्या कुंपणाची, फडका माझ्या परकराचा. बोलायचं तर मला बोला. पोरीचं कॉलेज बंद करायचं नाय."

"मी कुठे म्हनतो बंद?" बाबा म्हणाले. "जाऊ दे. सायकलीनंच जाऊ दे. काठी लांब घे म्हणावं, हातभर पुरत नाय."

झालं, सुटले असं वाटायला हवं होतं. पण माझ्या अंगाचा नुसता भडका उडालेला. तळहात ठणकत होते. मी म्हटलं, "बाबा, तुमाला काठी दिसली नव्हती?"

"दिसली होती."

"मग जीप मुद्दाम अंगावर घातलीत?"

त्यांनी मान हलवली. हो.

"आणि दुसऱ्या कोणाची पोर असती तर?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. मला वाटलं उठून जातील, किंवा खोटं बोलतील. थांबलोच असतो, दवाखान्यात नेली असती, असं काहीतरी. पण बाबा तसे खरे माणूस.

"टपावर थापा मारल्या म्हणून थांबलो गो," ते म्हणाले. "नायतर गेलो असतो. घरी येऊन सांगितलं असतं, आज त्या काठीवालीची जिरवली. आनि तू हसली असतीस."

आई माझ्याकडे बघत होती. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि खाली ठेवला. हसलेच असते.