अकरा चक्र्यांची सायकल

सायकल मी गिअरच्या बाजूवर आडवी टाकली आणि वर तिच्यावरच रेलून बसलो. उठलो तर मागच्या गिअरचा दांडा चाकाकडे वाकलेला! साखळी चक्र्यांवर उड्या मारू लागली. रोह्यात मित्रांची वालाच्या शेंगांची पोपटी मडक्यात शिजत आलेली आणि मी अजून वाटेतच, जिते गावाजवळ, गिअरचा स्क्रू पिळतोय.

बांधावर एक आजी वालाच्या शेंगा निवडत होती. किडकी शेंग ती न बघता अंगठ्यानंच ओळखून फेकायची आणि माझ्या प्रत्येक पिळ्यागणिक तोंडाला पदर लावून हसायची. अखेर मधल्या चक्रीवर साखळी गप्प झाली.

"आता हात लावू नको," आजी ओरडली, "अशीच ने!"

पोपटी हुकणार नव्हती. खुशीत टांग टाकताना मी ऐट मारली, "आजी, अकरा चक्र्या आहेत हिला!"

"मंग बाकीच्या धा फुकट पोसतोस व्हय?"