पालवी नसलेला बहर

माझ्या नावावर आजही गुंठाभर जमीन नाही. पांढुर्ण्यात सायकलवर संत्री बांधून दारोदार फिरणारा मी, पुढे उभ्या बागांचं फळ विकत घेऊ लागलो तो फक्त डोळ्यांच्या जोरावर. झाडं फुलावर आली की बागेत फिरायचं, फळ किती धरेल याचा अंदाज बांधायचा आणि सौदा ठरवायचा, अशी आमच्याकडची रीत आहे. सौद्यात खोड काढावीच लागते. बागवाला म्हणतो, असा बहर कधी आलाच नव्हता. व्यापारी म्हणतो, यातला अर्धा वाऱ्यानेच जाईल. दोघंही थोडं खोटं बोलतात, दोघांनाही ते ठाऊक असतं, आणि कोणी वाईट वाटून घेत नाही.

सौंसरकडच्या एका बागवाल्याशी माझे तीस वर्षं सौदे झाले. वयाने मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. आम्ही असे भांडायचो की नवख्याला वाटावं, आता हातघाईवर येतात. पण भाऊला माझी एक खूण माहीत होती. मी ओरडत असलो की सौदा चालू आहे. आवाज उतरला आणि मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन बसलो, की जे बोलेन ते खरं. एकदा मी असाच धुऱ्यावर बसून म्हणालो होतो, की त्या कोपऱ्यातल्या झाडांच्या बुडाशी डिंक दिसून राहिला, रोग लागला. भाव तसाच अर्धवट सोडून तो उठला आणि कोपऱ्याकडे गेला.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर भाऊला लकवा मारला. मुलीने त्याला उपचारासाठी नागपूरला नेलं आणि बाग मुलाकडे आली. मुलगा आळशी नाही, व्यसनी नाही. बाप परत येईल तेव्हा बाग भरलेली दिसावी, एवढंच त्याच्या मनात होतं. म्हणून तर मला जास्त वाईट वाटतं.

संत्र्याला फूल यावं म्हणून हिवाळ्यात काही काळ पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. काळ्या जमिनीत झाड बरेच दिवस तग धरतं. भाऊची बाग मुरमाड उतारावर, तिथे ते लवकर थकतं. भाऊ दिवस मोजत नसे. भर दुपारी झाडाखाली उभा राही, पान बोटांत धरून पाही आणि म्हणे, सोडा आता पाणी. मुलाने मोबाइलवरच्या एका माणसाचं ऐकलं. तो माणूस कुठल्या तरी दूरच्या काळ्या जमिनीतला. त्याने सांगितले तेवढे दिवस मुलाने पाणी तोडलं.

लोधीखेड्याला जाताना मी त्या बागेपाशी गाडी थांबवली. पानं गुंडाळली होती, खाली सडा पडला होता. माझं डोकं फिरलं. झाड समोर वाळून राहिलं अन् तू मोबाइलात काय पाहून राहिला, असं मी त्याला खडसावलं.

तो शांतपणे म्हणाला, "काका, अजून दिवस पुरे नाही झाले."

दिवस पुरे झाले तेव्हा त्याने एकदम भरपूर पाणी सोडलं. आणि बहर आला. असा की बाग पांढरी झाली, वास सडकेपर्यंत. त्याने फोटो टाकले, गावोगावचे लोक पाहायला आले. मीही गेलो. लोक फांद्या वाकवून स्वतःचे फोटो काढून राहिले होते आणि मी एकेक झाड पाहत होतो. नवी पालवी कुठेच नव्हती. जगणारं झाड फुलासोबत पान काढतं. मरायला टेकलेलं झाड नुसतं फुलतं. आमच्याकडे हे सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिलेलं आहे. पण पानं कुठे आहेत, एवढंसुद्धा त्या गर्दीत कोणी विचारलं नाही.

मी धुऱ्यावर जाऊन बसलो. त्याला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हटलं, "बेटा, फुलं झाडून टाक. एक बहर जाऊ दे, झाडं वाचतील."

तो लोकांकडे पाहून हसला. "बाबा सांगत होते, काकाची भाव पाडायची तऱ्हाच न्यारी आहे."

सगळे हसले. कोणी म्हणालं, काका थकले, बसून सौदा करून राहिले. मी उठलो आणि गाडीत बसलो. ते हसू अजून माझ्या कानात आहे. ते मी विसरणार नाही. पण राग उतरल्यावर जे उरतं ते वेगळंच आहे. सौद्याचं बोलणं कोणतं आणि काळजीचं कोणतं, हे ओळखायला आमच्याकडे कोणी शिकवत नव्हतं. चुलीवरचं दूध उतू जाताना कळावं, तसं ते कळायचं. आता एवढे हुशार लोक उभे होते, आणि त्यांतल्या एकालाही माझा उतरलेला आवाज ऐकू आला नाही.

उन्हाळ्यात फुलं गळाली, मुगाएवढी फळं गळाली, मग फांद्या शेंड्याकडून वाळत खाली आल्या. भाऊ परतला तेव्हा अर्ध्याहून जास्त बाग सरपण झाली होती. त्याने मला निरोप पाठवला.

तो बागेत खुर्चीवर बसला होता. मुलगा मागे, मान खाली घालून. काय काय ऐकवायचं ते मी वाटेत जुळवून आणलं होतं. भाऊचे शब्द अजून अडखळत होते.

"तू सांगितलं होतं याले?"

"सांगितलं होतं."

"धुऱ्यावर बसून?"

"हो."

त्याने मुलाकडे पाहिलं नाही. मग मीही जुळवून आणलेलं काही बोललो नाही. तो वाळक्या झाडांकडे पाहत म्हणाला, "लाकडाचा भाव सांग."

मी उभा राहिलो. वाळक्या फांद्यांवर हात आपटला, लाकूड पोकळ आहे, तोडायची मजुरीही निघणार नाही, असं तोंडाला येईल ते ओरडलो आणि लाज वाटावी इतका कमी भाव सांगितला. त्याने चिडावं, मला लुटारू म्हणावं, भांडावं म्हणून.

भाऊने मान हलवली. "बरं," म्हणाला.

तीस वर्षांत माझा पहिला भाव त्याने कधी मान्य केला नव्हता.