दुसऱ्या बेटाचं पाकीट
नवापूरच्या किनाऱ्यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास आला की मला नवरा आणि नणंदेसोबत केलेली लक्षद्वीपची क्रूझ आठवते. वाटेत दोन बेटं होती, म्हणून खरेदीचे पैसे मी दोन पाकिटांत ठेवले होते. पहिल्या बेटावर असाच वास होता. तिथे नणंदेने आपले सगळे पैसे उडवले, मी मात्र माळ दुसऱ्या बेटावर घ्यायची म्हणून तिथलं पाकीट राखून ठेवलं. पण समुद्र खवळला आणि जहाज तिथे थांबलंच नाही. जहाजावरच्या दुकानात अत्तर हुंगत नणंद म्हणाली, “वहिनी, ते पैसे आता समुद्रात टाकणार का? द्या की मला, उरलेच आहेत.” नवरा म्हणाला, “देऊन टाक गं.” “उरलेले नाहीत, माझे आहेत,” मी सगळ्यांसमोर सुनावलं. तेव्हापासून भाऊबीजेला नवरा एकटाच बोईसरहून पालघरला तिच्याकडे जातो. जाऊ दे. मी आजही दिले नसते.