कानबाईला नेपती

सुरतेत पर्वत पाटियाजवळ केतनभाईंचं फुलांच्या सजावटीचं दुकान आहे. रंजना तिथे लग्नसराईत जवळजवळ राहायलाच असते आणि एरवी दिवसभर. नवरा भाईदास पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये. त्याच्या नखांत मिलचा रंग, हिच्या नखांत देठांचा चीक. दोघांचेही हात कितीही घासले तरी पाहुण्यांना चहा देण्याजोगे होत नाहीत, म्हणून चहा मुलगी मयुरी देते.

रंजना शिंदखेड्याकडची. लहानपणी फूल म्हणजे झेंडू, शेवंती, जास्वंद आणि कपाशीचं, एवढंच तिला ठाऊक. दुकानात मात्र खोक्यांतून, बर्फाच्या पिशव्यांत निजून, कुठली कुठली फुलं येत. पहिल्या वर्षी तिने एक एक उचलून विचारलं, हे काय? केतनभाईंनी शांतपणे सांगितलं, "रंजनाबेन, मोटुं होय ते मेन, नानुं होय ते फिलर." म्हणजे मोठं ते मुख्य, लहान ते भरीचं. त्यांचं सगळं वनस्पतिशास्त्र तेवढंच होतं आणि त्यावर त्यांनी दोन बंगले सजवले नव्हते, बांधले होते.

मग रंजनाने आपलीच नावं ठेवली. गुलाबी मण्यांसारखी फळं लागलेली काडी ती म्हैसडोळा. निळा काटेरी गोळा तो साळिंदर. चकचकीत लाल पान आणि त्यातून निघालेली पिवळी शेंडी, ती जीभ. दुकानातल्या बाकीच्या बायकाही तसंच म्हणू लागल्या. काम अडत नव्हतं.

अडलं ते श्रावणात.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातल्या घरांत कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, लुगडं घालून देवी करायची, भाऊबंदांनी मिळून रोट खायचे, सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवायची. भाईदासच्या भाऊबंदांची कानबाई आजवर लिंबायतला थोरल्या जावेकडे, भागीरथीकडे बसत आली होती. यंदा भागीरथीच्या घरात फरशीचं काम निघालं आणि देवी रंजनाकडे आली. एका वर्षापुरती, असं भागीरथीने दोनदा सांगितलं.

रंजना आयुष्यभर लोकांच्या सुनांचे मंडप सजवत आली होती. आपल्या घरचं असं सजवायचं, की भाऊबंदांनी देवी पुन्हा लिंबायतला न्यायचं नावच काढू नये, हे तिने मनाशी धरलं. शनिवारी एका साडीच्या शोरूमचं उद्घाटन होतं. उरलेली फुलं केतनभाईंनी "लई जा, बेन" म्हणत दिली. ती ओल्या गोणपाटात गुंडाळून तिने रिक्षातून घरी आणली.

दारात सासू बसलेल्या. धुरपदाबाई खास कानबाईसाठी गावाहून आल्या होत्या.

"हाई काय शे?"

"फुलं आहेत, आत्याबाई. देवीला."

"नाव काय यास्नं?"

रंजनाने "म्हैसडोळा" तोंडातच ठेवलं.

धुरपदाबाईंनी पाय लांब केले. "पाहुणा दारात आला तर आपण गाव विचारतो, नाव विचारतो. मग पाट देतो. देवीच्या डोक्यावर बसणाऱ्याला काहीच विचारू नको?"

मयुरीने फोन काढला. गुलाबी मण्यांचा फोटो घेतला. फोनने एक लांबलचक नाव सांगितलं. उजेडात नेऊन पुन्हा घेतला, तेव्हा तो कॉफी म्हणाला.

"त्याला तरी कुठे माहीत आहे?" धुरपदाबाई म्हणाल्या. "आण इकडे."

मग त्यांनी गावाकडे अनोळखी पाल्याची पारख करतात तशी सुरुवात केली. चुरगळायचं, हुंगायचं, जिभेच्या टोकाला लावायचं. गुलाबी मणी चावून थुंकला. कडू. बाजूला. पांढऱ्या बारीक फुलांचा गुच्छ हुंगला. "ओल्या फडक्याचा वास. कुठलं?"

"उटीहून येतं म्हणतात."

"म्हणजे आपल्याच देशातलं. मागच्या बाजूला ठेव."

निळ्या काटेरी गोळ्याला त्यांनी हातही लावला नाही. "हा उंटकटारा. गाढव खातं हे. देवीला काय गाढव समजलीस?"

"तो नाही, आत्याबाई, दुसरा आहे."

"मग त्याचा भाऊ असंल."

लाल चकचकीत जीभ त्यांनी बोटाने टिचकी मारून पाहिली. "आणि हे प्लास्टिक."

"खरं फूल आहे ते!" रंजनाने देठ मोडून दाखवला. पाणी आलं.

"आता प्लास्टिकातबी पाणी भरतात. टीव्हीवर दाखवलं."

गोणपाट रिकामं होत चाललं. रंजनाच्या डोळ्यांसमोर झेंडूच्या दोन माळा आणि त्यांच्याकडे बघणारी भागीरथी उभी राहिली. तेवढ्यात धुरपदाबाईंचा हात तळाशी थांबला.

एक बिनपानांची तपकिरी डहाळी होती. तिला लाल, टपोरी फळं.

"हाई ते नेपती शे वं!"

त्यांनी ती चुरगळली नाही, हुंगली नाही, जिभेला लावली नाही. ओळखीच्या माणसाला कोण हुंगतं? "मना माहेरनी नेपती. पान नाही, नुसत्या काड्या अन् लाल फळं. शेळ्यांमागं जायचो तेव्हा ओट्यात भरून आणायचो. आता बांधच कोरले सगळ्यांनी. सुरतेत कशी आली ही?"

ती तारेची होती. वर कागद गुंडाळलेला, फळं थर्माकोलची, रंग मारलेली. दुकानात ताज्या फुलांत अशा काड्या खोचतात, लांबून कळत नाही. घाईत एक बरोबर आली होती.

रंजनाने तोंड उघडलं. सासूबाई डहाळी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यांना असं हसताना तिने पाहिलं नव्हतं.

"येते कधीकधी," ती म्हणाली.

त्यानंतर सगळं सोपं झालं. नेपती आहे म्हटल्यावर तिच्या सोबतीला बाकीचीही चालली, उंटकटाऱ्याचा भाऊसुद्धा. रंजनाने मखर असं केलं, की रविवारी भाऊबंद चपला काढायच्या आधीच वाहवा करू लागले. भागीरथी मात्र सरळ देवीजवळ गेली, वाकली आणि एका लाल फळात हळूच नख रुतवलं.

खालून पांढरं दिसलं.

तिने वळून रंजनाकडे बघितलं. रंजना रोटांचं ताट हातात घेऊन उभीच राहिली.

"काय गं भागीरथी, ओळखलीस का?" धुरपदाबाईंनी मागून विचारलं.

भागीरथीही त्याच सासूची सून होती. रंजनापेक्षा जुनी. "नेपती ना," ती म्हणाली. "चांगली पिकलीय."

आणि ते नख तिने पदराला पुसलं.

सोमवारी तापीवर गर्दी होती. नारळ पाण्यात सोडला, फुलं सोडली. फुलं भिजून खाली गेली. नेपती वर राहिली. लाटेबरोबर डोलत ती काठाला परत आली, लालभडक, जशी शोरूमच्या दारात होती तशी.

जाळी घेऊन उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने ती उचलली. "मावशी, प्लास्टिक-थर्माकोल पानी में नहीं डालने का. कितनी बार बोलें?"

रंजनाने भागीरथीकडे पाहिलं. भागीरथी वाजंत्रीवाल्यांकडे बघत होती.

धुरपदाबाई पुढे झाल्या. त्यांनी डहाळी हातात घेतली. नख रुतलेल्या फळावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी ते फळ नाकाशी नेलं. शेवटी जिभेच्या टोकाला लावलं.

"शहरातल्या माणसाला झाड कुठून कळणार?" त्या त्याला म्हणाल्या. "नेपती शे. निर्माल्यात टाक."

तो काही बोलणार होता. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि डहाळी निर्माल्याच्या पिंपात टाकली.

परतताना पायऱ्यांवर त्यांनी रंजनाच्या खांद्याचा आधार घेतला. "पुढच्या वर्षीबी इथंच बसव," त्या म्हणाल्या. भागीरथीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग आवाज उतरवून, फक्त रंजनाला, "अन् ते लाल जिभेचं पुढं ठेव. ते खरं होतं."