जुलैतले नाताळचे साचे

लिबुशेने व्हेंडेलिन ह्रुश्काला पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्या चरातून, खालून वर.

साझावा नदीकाठच्या छावणीत त्या दुपारी असा पाऊस कोसळला की मासेसुद्धा आडोसा शोधत काठावर आले. प्रत्येकाने तंबूभोवती पाणी वाहून जायला वीतभर चर खणला होता. व्हेंडेलिन पडला ब्रनोच्या ट्राम आगारातला वेल्डर. अर्धवट काम त्याला पाप वाटे. त्याने खणलेल्या चरात आधी शेजारचे तीन तंबू आले, मग एक अकॉर्डियनवाला आला, मग सॉसेजची अख्खी कढई आणि शेवटी बिस्किटांचा डबा छातीशी धरलेली लिबुशे. अकॉर्डियनने बुडता बुडता आपल्याच मनाने पोल्का नाचाची एक धून वाजवून घेतली. लिबुशे गळ्यापर्यंत पाण्यात, आणि वर काठावर कोरडाठाक उभा असलेला मिशीवाला माणूस वाकून तिला सांगत होता, "घाबरू नका बाई. उतार मी मोजून दिलाय. थोड्या वेळात तुम्ही आपोआप नदीला लागाल."

ती नदीला लागली आणि पुढच्या वसंतात त्याच्याशी लग्नही लागलं. संसार जसा वाढला तसा तो चरही वाढला. आपोलेना शाळेत जायला लागली तोवर व्हेंडेलिनच्या सांगण्यात त्यात एक बैल बुडाला होता.

दर उन्हाळ्यात हा माणूस छावणीला निघायचा. त्याने स्वतः वेल्डिंग करून ट्रेलर बनवला होता. तो इतका भक्कम होता की स्कोडा त्याला ओढते की तो स्कोडाला धरून ठेवतो, हे चढावर कळेनासं होई. ट्रेलरमध्ये प्रत्येक मेखेला जागा होती आणि मेख चुकीच्या खाचेत ठेवणाऱ्याला संध्याकाळी बटाटे सोलायची शिक्षा होती. लिबुशेने जन्मात जितके बटाटे सोलले त्यातले निम्मे मेखांपायी.

पण या उन्हाळ्याची गोष्ट निराळी होती.

लिबुशेचा भाऊ व्हिएन्नाला गेला तो परतलाच नाही. त्याची शिक्षा त्याच्या भाचीला झाली. वर्गात पहिली येणाऱ्या, डॉक्टर व्हायला निघालेल्या चौदा वर्षांच्या आपोलेनाला पक्षाच्या समितीने विद्यापीठाकडे नेणारं गिम्नॅझियम नाकारलं आणि कुक्कुटपालनाच्या शाळेत जागा दिली. समितीतल्या बाई वर प्रेमाने म्हणाल्या, "कोंबड्यांनासुद्धा हुशार माणसं लागतात."

त्या दिवशी व्हेंडेलिन घरी आला आणि जेवला नाही. लग्नाच्या पंधरा वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं, म्हणून लिबुशेने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. तो म्हणाला, "यंदा युगोस्लाव्हियाची परवानगी मिळाली, तर आपण तिथल्या डोंगरातून पलीकडे जायचं. ऑस्ट्रियात. परत यायचं नाही."

परवानगी मिळाली, तीही तिघांना मिळून. शेजारी हेव्याने निळे पडले.

व्हेंडेलिनने नियम केला, "हिवाळ्याचा वास येईल असं काही घ्यायचं नाही. कोट खुंटीला राहतील, बूट दाराशी. आपोलेनाची प्रमाणपत्रंसुद्धा नाहीत. सीमेवरचा माणूस खुळा नसतो. तो आपलं पोट आणि आपलं मन दोन्ही उघडून बघतो." मग शेजाऱ्यांना संशय येऊ नये म्हणून त्याने स्वयंपाकघराची एक भिंत हिरवी रंगवायला काढली आणि अर्धीच रंगवून सोडली. "अर्धी भिंत सोडून कोणी देश सोडत नाही," तो म्हणाला. अर्धवट काम दिसू नये म्हणून तो मात्र दोन दिवस त्या भिंतीकडे पाठ करून जेवला.

खायचं सगळं घरूनच न्यायचं होतं, कारण त्यांच्याकडची सगळीच कुटुंबं तसं करत. मांस उकडून बाटल्यांत बंद केलं, काकड्या आंबवल्या, पिठाचे गोळे वाळवले, आणि रस्त्यासाठी पाव-चुऱ्यात घोळवून तळलेले मांसाचे काप. काप इतके होते की स्कोडाच्या मागच्या खिडकीतून नुसते कापच दिसत.

हंगेरीच्या सीमेवर, डॅन्यूबवरच्या पुलाशी रांग लागली होती. उन्हाने डांबर वितळत होतं. आपोलेना मागच्या सीटवर कापांच्या डब्यावर पाय ठेवून बसली होती. आपल्या मैत्रिणीचा निरोपही घेता आला नाही याचा तिला राग होता, आणि तो राग दाखवायची तिला मनाई होती.

कस्टमवाला तरुण होता, कानापर्यंत उन्हाने भाजलेला. त्याने ट्रेलर उघडला आणि मेखांची मांडणी बघून शीळ घातली.

"हे कोणी केलं?"

"मी, कॉम्रेड," व्हेंडेलिन म्हणाला. सात जन्मांची पुण्याई फळाला आल्यासारखा त्याचा चेहरा उजळला. त्याच चेहऱ्याने तो एकेका मेखेची माहिती सांगू लागला. लिबुशेला वाटलं, आपण सुटलो. मेखा ऐकून कोणीही माणूस कंटाळून सोडून देतो, हा तिचा स्वतःचा अनुभव होता.

कस्टमवाल्याने मसुराचा डबा उचलला. हलवला. डबा वाजला.

मसूर असा वाजत नाही.

त्याने गाडीच्या बॉनेटवर वर्तमानपत्र पसरून डबा ओतला. मसुरातून पत्र्याचा तारा निघाला, मग मासा, चंद्रकोर, घंटा आणि शेपटी मोडलेलं डुकराचं पिल्लू. नाताळच्या बिस्किटांचे साचे. लिबुशेच्या आईचे, आणि त्याआधी तिच्या आईचे.

लिबुशेने रस्त्याकडे पाहिलं. आपण हे का केलं, हे तिला ठाऊक होतं. बाकी सगळं सोडता येत होतं, घर, भाषा, खुंटीवरचे कोट. पण डिसेंबर आला आणि हातात आईचा मासा नसला तर आपण नेमकं कोण, हे तिला कळलं नसतं.

"जुलै आहे," कस्टमवाला हळूच म्हणाला.

तेव्हा व्हेंडेलिन फुटला. "बघा! बघा कॉम्रेड, मी काय भोगतो ते! ट्रेलरचं वजन मी किलोकिलोने मोजतो आणि ही बाई त्यात लोखंड भरते! लिबे, तुला काय समुद्रावर बिस्किटं भाजायची होती? वाळूत?"

"तू हातोड्या दोन घेतल्यास!" लिबुशेच्या तोंडून निघून गेलं.

"दुसरी पहिली हरवली तर!"

"आणि पहिली कधी हरवली आहे? लग्नात तू अंगठी हरवलीस, हातोडी नाही!"

मागच्या गाडीतली माणसं हसायला लागली. भांडण खरं होतं, म्हणून चांगलं होतं. कस्टमवालाही हसला, आणि हसता हसता त्याची नजर मागच्या सीटवर गेली. आपोलेना हसत नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

कस्टमवाल्याचं हसू थांबलं. मग त्याने साचे एकेक करून उचलले आणि खिशात टाकले.

"हे माझ्या टेबलाच्या खणात राहतील," तो व्हेंडेलिनला म्हणाला, इतक्या हळू की लिबुशेला ओठ वाचावे लागले. "येताना घेऊन जा. मी श्टेफान. पुलावर कोणालाही विचारा. मलाही दोन मुली आहेत. तुम्ही आला नाहीत, तर गाड्या तपासायला मी इथे उरणार नाही, मलाच तपासतील. कळतंय ना?"

"कळतंय," व्हेंडेलिन म्हणाला.

"काकड्या घरच्या का?"

त्याने एक बाटली घेतली आणि अडथळ्याचा दांडा वर केला.

त्यानंतर व्हेंडेलिनने वाटेत एकदाही ट्रेलर तपासला नाही. हंगेरी गेला. युगोस्लाव्हिया आला. डोंगराच्या पायथ्याशी, जिथून सीमेचा कडा नुसत्या डोळ्यांनी दिसतो, तिथे त्यांनी तंबू टाकला. व्हेंडेलिनने चर खणला नाही. लिबुशे घाबरली ती तेव्हा.

"त्या पोराला मी काय सांगू?" तो काप चघळत म्हणाला.

"कोणत्या?"

"श्टेफानला. त्याने डोळे झाकले गं आपल्यासाठी."

"तुला त्याच्या मुली दिसतात. ही दिसत नाही?" लिबुशे ओरडली. ओरडतानाच तिला कळत होतं की साचे तिने भरले होते. मसुराच्या डब्यात नुसता मसूर असता तर श्टेफान नावाचा माणूस त्यांच्या आयुष्यात आलाच नसता. त्याला मुली असत्या, पण त्यांची काळजी दुसऱ्या कोणाला तरी असती.

आपोलेना तंबूच्या दाराशी बसून डोंगराकडे बघत होती. "बाबा," ती म्हणाली, "तिकडे माझ्या वयाची मुलं कोणत्या शाळेत जातात?"

"पाहिजे त्या," व्हेंडेलिन म्हणाला. मग तो उठला आणि निष्कारण सगळे दोर पुन्हा ताणून बांधू लागला.

निघायच्या सकाळी त्याने तंबू घडी करायला अर्धा दिवस लावला. मेखा पुसल्या. चुकीच्या खाचेत एक ठेवली, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही. गावाबाहेर रस्ता फुटत होता. डावीकडे चढ, डोंगर, पलीकडचा देश. उजवीकडे सपाट रस्ता, हंगेरी, पूल.

गाडी फाट्यावर थांबली. व्हेंडेलिनचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"तू सांग," तो म्हणाला.

पंधरा वर्षांत त्याने तिला काही विचारलं नव्हतं. तंबू कुठे, चर किती, हातोड्या किती, सगळं तोच ठरवी आणि ती हसून बटाटे सोली. आता विचारलं ते हे. लिबुशेने तोंड उघडलं. डावीकडे म्हणायचं होतं. एकच शब्द होता. तिच्या डोळ्यांसमोर एक टेबलाचा खण आला, त्यात आईचा मासा, आणि खणावर दोन लहान मुलींची डोकी वाकलेली.

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला.

"बाबा, लोक थांबलेत," आपोलेना म्हणाली.

व्हेंडेलिनने गाडी उजवीकडे घेतली. लिबुशेला त्याचा हात धरता आला असता. तिने आपलेच दोन हात मांडीत घट्ट धरून ठेवले. घरापर्यंतच्या सगळ्या वाटेत लिबुशेची मान मागे वळली नाही.

पुलावर दुसराच माणूस होता, जाडा, घामेजलेला. व्हेंडेलिन गाडीतून उतरला, टोपी काढली आणि श्टेफानची चौकशी केली.

"त्याची बदली झाली एक तारखेला. रेल्वेवर," जाडा म्हणाला. "साचे? कसले साचे? खण आम्ही रिकामा केला. तुमच्याकडे काप उरलेत का?"

सप्टेंबरात आपोलेना कोंबड्यांच्या शाळेत गेली, आणि व्हेंडेलिनने राहिलेली अर्धी भिंत रंगवली. तो हिरवा रंग दुकानात संपला होता, म्हणून ती पिवळी केली.