आनंदराव सरांनी केलेलं पहिलं कौतुक

आनंदराव सरांचं नाव ठेवताना घरच्यांनी जरा घाईच केली. बावन्न वर्षांत आनंद त्यांच्या चेहऱ्यावर कधी मुक्कामाला राहिला नाही. बस उशिरा आली की काळजी, आणि वेळेवर आली तर ही भलतीकडेच जाणारी असेल, ही काळजी. वडील फौजेत, बालपण महूच्या छावणीत. वारशात आवाज तेवढा मिळाला. त्या आवाजावर त्यांनी इंदूरच्या पलासियातल्या एका शाळेत चोवीस वर्षं तिसरीचा वर्ग चालवला. ते "चूप!" म्हणाले की पोरं तर सोडाच, छताचा पंखासुद्धा दचकायचा.

यंदा नव्या मुख्याध्यापिका आल्या, निधी मॅडम. वयानं सरांच्या मुलीएवढ्या. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं, "सर, आता ओरडणं एकदम बंद. मूल चांगलं वागलं की लगेच बोलायचं. नुसतं गुड-गुड नाही हं, काय चांगलं केलं ते नेमकं. और डायरी में घर पे नोट भी भेजना है."

सरांनी मान डोलावली, पण मनातून ते हादरले. रागावणं त्यांना तोंडपाठ होतं, कौतुकाची सवय कुठे होती? दोन दिवस महूच्या बसमध्ये ते पुटपुटत तालीम करत होते, "पूर्वा, तू डबा खाऊन बाक पुसलास, मला फार आवडलं." शेजारच्या प्रवाशानं गुपचूप जागा बदलली.

खरी परीक्षा होती रुचीची. ही पोरगी पाच मिनिटं जागेवर बसेल तर शपथ! खिडकी, दार, कचऱ्याचा डबा, पुन्हा खिडकी, अशी तिची गस्त चालायची, आणि जाता जाता कुणाची तरी पेन्सिल हिसकावली जायची. सरांनी तिच्या फिरण्यावर ओरडणं सोडलं आणि बसण्याकडे लक्ष द्यायला घेतलं. सहा मिनिटं बसली, तसं सांगितलं. अकरा मिनिटं बसली, तेही सांगितलं. सुरुवातीला ती मागे वळून बघायची, सर दुसऱ्याच कुणाला तर म्हणत नाहीत ना? आणि बुधवारी रुची अख्खा तास बसली. वर देवांशची पेन्सिल चक्क मागून घेतली.

सर इतके हरखले की नोट त्यांनी मराठीत लिहिली. घरी डायरी बघायचे ते तिचे आजोबा, जयसिंगराव. त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, आणि जयसिंगरावांच्या मिशा अजून तिथेच नोकरीला असल्यासारख्या दिसायच्या. आपल्या भाषेतलं कौतुक त्यांना जास्त गोड लागेल, असं सरांना वाटलं. त्यांनी लिहिलं, ‘रुचीने आज वर्गात खूप छान चेष्टा केली. असंच चालू राहू द्या.’

गुरुवारी रुची आली ती थेट खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. "बस बेटा," सर म्हणाले. तिनं बघितलंसुद्धा नाही. सरांनी डायरी उघडली. ‘झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. मुलीला कडक समज दिली आहे. – जयसिंगराव.’

कसला प्रकार? मधल्या सुट्टीत त्यांनी बायकोला, प्रभावतीबाईंना, फोन लावला. त्यांचं माहेर अमरावतीचं.

"काय लिहिलं होतं तुम्ही? वाचा बरं."

सरांनी डायरीतून वाचून दाखवलं.

"अहो, चेष्टा म्हणजे टिंगल!"

"काय बोलतेस! चेष्टा म्हणजे कोशिश. सगळ्यांना माहीत आहे."

"ते हिंदीत! मराठीत तुम्ही कळवलंत, की तुमच्या नातीनं वर्गात टवाळी केली. आणि वर टोमणा, असंच चालू राहू द्या!"

"अरे बाप रे. आता?"

"आता जा त्यांच्याकडे. आणि तिथे जाऊन कमी बोला."

शाळा सुटल्यावर सर निघाले खरे, पण पाय उचलेनात. जयसिंगराव काय म्हणतील याची भीती होतीच. त्याहून मोठी धास्ती रुचीची होती. इतक्या मुश्किलीनं तिला कुणाचं तरी चांगलं बोलणं खरं वाटू लागलं होतं. पुन्हा वाटेल?

"या सर," जयसिंगराव दारातच म्हणाले. "आज परत काही केलं का तिनं?"

सरांनी अडखळत सगळं सांगितलं. मिशा हळूहळू खाली आल्या.

"काय भिया, तुम्ही पण!" जयसिंगराव अस्सल इंदुरी थाटात म्हणाले. "मी तासभर कोपऱ्यात उभी केली ना तिला! रडून रडून बोलत होती, आबा, मी तर बसली होती. मी म्हटलं, सर काय झूठ लिहितील?" मग त्यांनी आत हाक मारली, "रुची, इकडे ये. सर काय म्हणतायत, ऐक."

ती दाराला टेकून उभी राहिली. सरांना तालमीतलं एकही वाक्य आठवेना. "माझा शब्द चुकला बेटा. तू पूर्ण तास बसलीस, पेन्सिल मागून घेतलीस. मला तेच लिहायचं होतं."

"मी आबांना हेच तर सांगत होती," रुची म्हणाली आणि आत निघून गेली.

शुक्रवारी सर वर्गात शिरले. रुची जागेवर होती, पण नेहमीपेक्षा चार बोटं उंच दिसत होती. ती डायरीवर बसली होती.

"सर, आज लिहू नका. तोंडानं बोला."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. प्रत्येक शब्द तपासून झाला, एकाचीही खात्री वाटेना.

"तू बसली आहेस," शेवटी ते म्हणाले. "नऊ मिनिटं."

"दहा," रुची म्हणाली.