तुटलेला की कापलेला?

कुसुमलताबाईंनी आजवर एकेचाळीस खून केले, सगळे कागदावर. धुळ्यात आग्रा रोडला त्यांच्या नवऱ्याचं, दीपचंदभाऊंचं, कापडाचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या गादीच्या कोपऱ्यात बसून वहीत लिहीत. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारी ही बाई जळगावच्या दिवाळी अंकासाठी माणसं मारते कशी, याचं नात्यात सगळ्यांना नवल. त्यांना स्वतःलाही होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की रक्ताकडे बघूच नये. घरात कोण कोणाशी बोलेनासं झालंय, तिकडे लक्ष ठेवलं की गुन्हेगार सापडतो.

गेल्या दिवाळीनंतर सोनगीरची भिकुबाई तो अंक घेऊन दुकानात आली.

"या गोष्टमा जो मरस, तो मना भाऊ शे."

गोष्टीत एक शेतकरी बिघडलेली मोटार काढायला विहिरीत उतरतो आणि बायकोने आधीच अर्धवट कापून ठेवलेला दोर तुटतो. भिकुबाईचा भाऊ जीवराम तीन वर्षांपूर्वी असाच दोर तुटून गेला होता. नातीने गोष्ट वाचून दाखवली, त्या दिवसापासून भिकुबाईने भावजयीशी, रूपाशी, बोलणं टाकलं होतं.

"अहो, मनानं रचलंय मी ते!" कुसुमलताबाई म्हणाल्या.

"मंग मोटार कशी जुळनी?"

दोन दिवस त्यांना जेवण गोड लागेना. शेवटी दीपचंदभाऊ म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात काडी टाकून इथे बसू नकोस. जा, सांगून ये."

त्या एसटीने सोनगीरला गेल्या. भिकुबाईला सोबत घेऊन रूपाच्या ओसरीवर बसल्या आणि दोघींसमोर हात जोडले. "गोष्ट खोटी आहे. तुमच्या घरचं मला काहीएक माहीत नव्हतं." भिकुबाईने त्यांचं तोंड नीट न्याहाळलं. मग ती रडली, भावजयीच्या गळ्यात पडली आणि डोळे पुसत चहा ठेवायला आत गेली.

रूपा जवळ सरकली. "अक्का, दोर कापेल व्हता, हाई तुमले कोनी सांगं?"

"कोणीच नाही. का गं?"

"मी बी कोनले सांगेल नही."

तेवढ्यात चहा आला. रूपाने बिस्किटांची ताटली पुढे केली.

परतीच्या एसटीत कुसुमलताबाई दुवे जुळवत राहिल्या. हिनेच कापला असेल, तर विचारलं कशाला? नसेल कापला, तर तीन वर्षं लपवलं का? आपल्यावरच आळ येईल म्हणून? मग कापला कोणी? पोलिसांना सांगावं, तर सांगणार काय? त्यांच्या गोष्टीतल्या अपराधी बायका अशा वेळी मान खाली घालत. रूपा तर सरळ डोळ्यांत बघत होती.

"सांगून आलीस ना? मग झालं," दीपचंदभाऊ म्हणाले.

सोनगीरला सगळं सुरळीत झालं. नणंद-भावजयीने मिळून कांदा लावला. भिकुबाईचा अधूनमधून फोन येतो. दोराचं विचारायचं म्हणून कुसुमलताबाई तोंड उघडतात आणि कांद्याचं विचारतात.

यंदाची गोष्ट त्यांनी पाठवली, तेव्हा संपादकांचा फोन आला. "बाई, शेवटचं पान राहिलंय. खून केला कोणी?"

"मला नाही कळलं."

संपादक हसले. पलीकडून हसू येईना, तेव्हा तेही थांबले. "मग छापू कसं?"